शुक्रवारचे जेवण रुचकर नसावे

“धुरी सर, ही पोरं हसताहेत कशापायी?”

रेक्टर फादर साळवे रिफेक्टरीच्या दारात उभे होते. रेक्टर म्हणजे संस्थेचे सर्वेसर्वा आणि रिफेक्टरी म्हणजे बोर्डिंगची जेवणाची खोली. शुक्रवारची दुपार होती. आत ऐंशी बोर्डर जेवत होते आणि खरोखरच हसत होते. एक जण बांगड्याचं डोकं चोखत होता, दुसरा ताट तिरकं करून उरलेलं तिखलं, म्हणजे माशाचं तिखट कालवण, एका कडेला गोळा करत होता. वाढप्यापुढे तिसऱ्यांदा भात घेणाऱ्यांची रांग होती.

“जेवण आवडलं असेल, फादर.”

“आज शुक्रवार आहे.”

“होय.”

“लेंट चालू आहे.”

“होय, फादर.”

“म्हणजे आज प्रायश्चित्त. प्रायश्चित्त करणारा माणूस तिसऱ्यांदा भात घेतो?”

मी सायन्सचा मास्तर. हा प्रश्न माझ्या सिलॅबसमध्ये नव्हता.

आमची शाळा मालवणच्या किनाऱ्यापासून दहा मिनिटांवर. गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता आणि आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होतो, तेव्हाची ही गोष्ट. शाळा कॅथलिक, पण सरकारी ग्रँट न घेणारी. त्यामुळे सरकारचं ऐकायची गरज नसे आणि फादरांचं ऐकण्यातून सुटका नसे. मुलं दोन जातींची, डे स्कॉलर आणि बोर्डर. डे स्कॉलर गावातले, घरी जाऊन जेवणारे. बोर्डर म्हणजे ज्यांचे बाप आगबोटीवर किंवा मुंबईत नोकरीला, असे. त्यांतले निम्मे ख्रिस्ती, निम्मे हिंदू. त्यांचा सगळा दिवस घंटेवर चाले. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की प्रार्थना, घंटा झाली की स्टडी. स्टडी म्हणजे पुस्तक उघडं ठेवून गप्प बसण्याचा तास. अभ्यासाला वेगळा वेळ काढावा लागे.

मी डे स्कॉलरांसारखाच घरून येणारा मास्तर, पण रिफेक्टरीचा इन-चार्ज होतो. हे काम कोणाला नको होतं. फादर साळवे नवे आले तेव्हा त्यांनी मला बोलावून सांगितलं, “तुम्ही हिंदू आहात, सायन्सचे आहात, म्हणजे निःपक्षपाती असणार.” खरं तर माझा पक्ष ठरलेला होता. इन-चार्जला शुक्रवारी दुपारी बोर्डिंगमध्ये जेवावं लागे, आणि त्या एका जेवणासाठी मी आठवडाभर भांडीकुंडी, सरपण आणि पोटदुखीच्या तक्रारी सांभाळत होतो.

आता शुक्रवारचं प्रकरण समजावून सांगतो. चर्चचा नियम असा, की शुक्रवारी मांस वर्ज्य. लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. त्यात तर हा नियम फारच मनावर घ्यायचा. पण मासे हे मांसात धरत नाहीत. ज्या कोणी हा नियम केला त्याचं घर समुद्रापासून लांब असावं. मालवणच्या माणसाला मटण सोडून मासे खा म्हणणं म्हणजे शिक्षा म्हणून सुट्टी देण्यासारखं आहे. त्यात आमची हिंदू मुलं सोमवारी आणि गुरुवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी. गुरुवारभर डाळीकडे बघत बसलेली ती मुलं शुक्रवारी ख्रिस्ती मुलांच्या आधी रांगेत उभी असत. दोन्ही धर्मांचं एकाच पातेल्यावर एकमत होण्याचा आठवड्यातला तो एकमेव वार.

फादर साळवे नगरकडचे. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि सणाला मटण यांवर वाढलेले. पहिला मासा त्यांनी सेमिनरीत पाहिला. सेमिनरी म्हणजे पाद्री होण्याचं कॉलेज. तिथे दर शुक्रवारी दोन दिवस बर्फात पडलेला मासा नुसता उकडून देत. फादर श्वास रोखून घास घेत आणि वर पाणी पीत. इतकी वर्षं ते मनापासून प्रायश्चित्त करत आले होते, आणि मालवणला येऊनही बस्त्यांवच्या हातचा बांगडा ते त्याच पद्धतीने गिळत होते. फादर ढोंगी नव्हते, हीच मोठी पंचाईत. ढोंगी माणसाशी काहीतरी तडजोड करता येते.

बस्त्यांव हा आमचा कुक. बावीस वर्षं त्या चुलीपुढे. पहाटे स्वतः किनाऱ्यावर जाऊन रापणीतून मासे निवडून आणायचा. रापण म्हणजे समुद्रात टाकून माणसांनी किनाऱ्यावर ओढायचं लांबलचक जाळं. किचनमागच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको रुजाय राहायचे. खोल्या शाळेच्या. नोकरी असेपर्यंत डोक्यावर छप्पर, असा सरळ हिशोब.

त्या शुक्रवारी फादरांनी मला ऑफिसात बोलावलं.

“पुढच्या शुक्रवारपासून माशात नारळ नको, मिरची नको, ते काळं काय असतं…”

“तिरफळ.”

“तेही नको. मीठ-पाण्यात उकडा आणि द्या.”

“फादर, त्यापेक्षा डाळभात केला तर?”

“प्रॉस्पेक्टसमध्ये शुक्रवारी मासे छापलंय. आणि सर, कष्ट माशातच आहेत. डाळ खायला कोणाला कष्ट पडतात?”

खऱ्या कष्टाचा दिवस हवा असेल तर तुमची ज्वारीची भाकरी आणि शेपूची भाजी ठेवा, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तिथेच ठेवलं.

बस्त्यांवने हुकूम ऐकला, मान हलवली आणि शुक्रवारी अंमलबजावणी केली. पहाटेच पाण्याबाहेर आलेली तारली, मीठ, पाणी, बास. सोबत उकड्या तांदळाची पेज. आजारी पडल्यावर आई जे करून घालते तेच नेमकं ताटात आलं. मुलं पहिल्या घासाला गप्प झाली. फादरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरू लागलं. तेवढ्यात पाचवीतला एक जण उठून म्हणाला, “सर, अजून आसा?” आणि मागोमाग सगळी रिफेक्टरी उठली.

फादरांनी आठवडाभर विचार केला. दुसरा हुकूम आला, ताजा मासा बंद, सुका द्या. सुक्या माशाचा वास त्यांना किनाऱ्यावरून जाताना आला होता आणि याहून वाईट काही असू शकत नाही अशी त्यांची खात्री पटली होती. हुकूम मी किचनमध्ये पोचवला. बस्त्यांव माझ्याकडे बघतच राहिला.

“मास्तरानू, फादर रागावलेत काय खूश झालेत?”

“रागावलेत.”

“मगे सुको बांगडो कित्याक देतत?”

शुक्रवारी निखाऱ्यावर खारा बांगडा भाजायला लागला आणि वास थेट आठवीच्या वर्गात शिरला. माझा पिरियड चालू होता. ऑक्सिजन कसा तयार करतात ते मी फळ्यावर लिहीत होतो, पण पोरांनी नाकाने दुसराच वायू पकडला होता. दुपारी तीन डे स्कॉलर घरी न जाता रिफेक्टरीच्या खिडकीशी रेंगाळत होते. एकाने तर, मी बोर्डर व्हायला तयार आहे, असं मला सांगून टाकलं. फादर वरच्या गॅलरीतून नाकाला रुमाल लावून खाली बघत होते.

तिसऱ्या वेळी तोंडी हुकूम नव्हता. बिशपांकडून एक व्हिजिटर यायचे होते. व्हिजिटर म्हणजे चर्चच्या शाळांचा इन्स्पेक्टर, फक्त तो मुलांच्या वह्यांऐवजी त्यांचे आत्मे तपासतो. नेमके शुक्रवारी ते बोर्डिंगमध्ये मुलांसोबत जेवणार होते. लेंटच्या शुक्रवारी आपल्या बोर्डिंगमध्ये जत्रा भरलेली त्यांनी पाहिली तर काय, या विचाराने फादरांची झोप उडाली होती.

“सर, मेमो लिहा,” ते म्हणाले. माझं अक्षर चांगलं, म्हणून मेमो मी लिही. “लिहा. शुक्रवारचे जेवण रुचकर नसावे. या शुक्रवारीही मुलांनी पुन्हा मागून घेतल्यास कुकला सेवेतून कमी करण्यात येईल व राहती जागा महिन्याअखेर सोडावी लागेल.”

माझं पेन थांबलं. “फादर, स्वयंपाक चांगला होतो म्हणून काढायचं?”

“सांगितलेलं करत नाही म्हणून.”

“तो सांगितलेलंच करतोय.”

“मग परिणाम का दिसत नाही? तुम्ही सायन्सचे आहात, तुम्हीच सांगा.”

या वेळी मला उत्तर येत होतं. फादर, दोष कुकचा नाही, या किनाऱ्यावर तुमचा प्रयोगच यशस्वी होणार नाही, एवढं एक वाक्य. मी ते बोललो नाही. माझी नोकरी कायम व्हायची होती, त्याचा कागद त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता. मी मेमो पुरा केला. सुंदर अक्षरात, समास सोडून. आजही त्याची लाज वाटते.

किचनमध्ये जाऊन मीच तो वाचून दाखवला. रुजाय दारात खोबरं खवत बसली होती. तिचा हात थांबला. बस्त्यांव म्हणाला, “परत वाचा.” मी परत वाचला.

“वायट रांद, असाच लिवलाहा मां?”

“तसंच.”

“मास्तरानू, बरां रांद म्हणून कोणी सांगल्यान तर मी अजून बरां करीन. वायट कसा करूचा ता माका कोणी शिकवक नाय. माजी आवस कबरेतसून उठतली.”

“अरे, मीठ जास्त टाक. करपव थोडं. एका दिवसाचा प्रश्न आहे.”

“लोक म्हणतले, बस्त्यांव म्हातारो झालो. हात गेलो त्याचो.”

“आणि नोकरी गेली तर?”

यावर रुजाय बोलली. “आमी खंय जातलंव, मास्तरानू?” मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

थोड्या वेळाने बस्त्यांवनेच तोडगा काढला. पळी माझ्या हातात दिली. “शुक्रवारी तुमी रांदा. तुमच्या हातचा कोण दुसऱ्यांदा मागूचो नाय.”

अपमान होता, पण मुद्दा बिनतोड होता. मी आयुष्यात चहासुद्धा केलेला नव्हता. शुक्रवारी सकाळचे माझे दोन पिरियड मोकळे होते. मी बाह्या सरसावल्या आणि चुलीपुढे उभा राहिलो. बस्त्यांवला सांगितलं, लांब त्या बाकावर बस, हात मांडीखाली ठेव. तो बसला.

मी शास्त्रीय पद्धतीने कामाला लागलो. पाणी भरमसाट ओतलं. बांगडे धड न धुता टाकले. मीठ दोन मुठी. मग अजून एक. उकळी आली तेव्हा पातेल्यात जे दिसत होतं ते फादरांच्या सेमिनरीला शोभलं असतं. मला वाटलं, जिंकलो.

शरीरशास्त्रात रिफ्लेक्स अ‍ॅक्शन नावाचा प्रकार असतो. डॉक्टर गुडघ्यावर हलकेच ठोकतो आणि पाय आपोआप उडतो. मेंदूला विचारण्याची भानगड नसते. मुलांना हे शिकवताना मी गुडघ्याचंच उदाहरण देत असे. त्या सकाळपासून दुसरं मिळालं.

“मास्तरानू, पाणी थोडा काडा,” बाकावरून आवाज आला.

“गप्प बस.”

“फकत थोडा. मासो फुटतलो.”

मी दुर्लक्ष केलं. घंटा झाली, कोणीतरी मला वर्गाच्या हजेरीसाठी बोलावलं, आणि मी दहा मिनिटं बाहेर गेलो. एवढीच माझी चूक. परत आलो तर बस्त्यांव पातेल्यावर वाकलेला. पाणी निम्मं झालं होतं. जास्तीचं मीठ ओढून घ्यायला त्याने मूठभर सोलं, म्हणजे आमसुलं, टाकली होती. सोलं टाकली म्हणून खोबऱ्याचं वाटण, वाटण टाकलं म्हणून मिरची, आणि एवढं सगळं झाल्यावर तिरफळं न टाकणं म्हणजे निव्वळ उद्धटपणा.

“बस्त्यांव! हे काय केलंस?”

तो दचकला. हातातल्या पळीकडे त्याने असं बघितलं, जणू ती दुसऱ्याच कोणाची आहे. “जेजू! मी केलंय ह्या?”

पुन्हा पाणी ओतायला वेळ नव्हता. जेवणाची घंटा झाली होती.

व्हिजिटर फादर सत्तरीचे, वेंगुर्ल्याकडचे, जाडजूड आणि शांत. फादर साळवे त्यांना टेबलापर्यंत घेऊन आले, प्रायश्चित्ताबद्दल चार शब्द बोलले, प्रार्थना झाली. मुलांना सकाळीच ताकीद मिळाली होती, की पुन्हा मागणारा रविवारी खेळायला जाणार नाही. शिवाय बस्त्यांवचं काय होणार हेही त्यांना कळलेलं होतं, बोर्डिंगमध्ये काही लपून राहत नाही. तेव्हा ऐंशी मुलं एकदा वाढलेलं खाऊन, बोटं न चाटता, ताटाकडे बघत बसली. इतकं खरं प्रायश्चित्त त्या खोलीत आधी कधी झालं नसेल. एकाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते मिरचीचं नव्हतं.

फादर साळवे श्वास रोखून आपला घास गिळत होते. मी भिंतीला टेकून उभा होतो. सुटलो, असं वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात व्हिजिटर फादरांनी ताट पुढे केलं.

“तिखला आसा मरे अजून? आणि तकली आसली तर वाड. तकली टाकूची न्हय.”

तकली म्हणजे माशाचं डोकं. बस्त्यांव पळी घेऊन तसाच उभा. त्याने फादर साळव्यांकडे बघितलं. फादर साळव्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मेमोत मुलांनी मागितल्यास असं लिहिलं होतं. व्हिजिटरने मागितल्यास काय, याची तरतूद मी केलेली नव्हती.

“वाड रे,” व्हिजिटर म्हणाले. बस्त्यांवने वाढलं. मग मुलांना कोण अडवणार? पातेलं पुसून काढलं गेलं.

जेवणानंतर व्हिजिटर फादरांनी बस्त्यांवला बाहेर बोलावलं, कुठला, किती वर्षं इथे, घरी कोण, सगळं विचारलं. मग फादर साळव्यांना म्हणाले, “हो मनीस माका दी. आमच्याकडे तीन म्हातारे पाद्री आसत, रांदपी धड मेळणा नाय.”

फादर साळव्यांनी ताबडतोब होकार दिला. कुकला काढावं लागत नव्हतं, शब्दही मोडत नव्हता आणि बिशपांच्या घरी उपकार होत होता. तीन प्रश्न एका होकारात सुटले. बस्त्यांवला काय हवं आहे, हे मात्र कोणी विचारलं नाही. मीही नाही. पगार चांगला, दोन खोल्यांऐवजी तीन, मग विचारायचं काय? महिनाअखेरीला तो आणि रुजाय बैलगाडीत सामान घालून गेले. मुलं स्टडीत होती, त्यांना घंटेशिवाय उठता येत नव्हतं.

नवा कुक आला. त्याला कुठलाही मेमो द्यावा लागला नाही. सोमवार असो, शुक्रवार असो, त्याचं जेवण नियमात बसणारंच असे. रांग लागत नसे, कोणी हसत नसे, पातेली भरलेली परत जात. पुढच्या जूनमध्ये बोर्डर पन्नासवर आले. मी घरून डबा आणू लागलो. फादर साळवे रोज न चुकता रिफेक्टरीत बसून ते जेवण संपवत आणि काही बोलत नसत. ढोंगी नव्हते, हे मी आधीच सांगितलं.

माझी नोकरी त्याच वर्षी कायम झाली.

दोनेक वर्षांनी प्रयोगशाळेच्या सामानासाठी मी बिशपांच्या घराच्या बाजूला गेलो होतो. वाट वाकडी करून बस्त्यांवकडे गेलो. त्याला फार आनंद झाला. जेवल्याशिवाय सोडेना. त्या तिघा म्हाताऱ्या फादरांना डॉक्टरांनी मीठ-मिरची बंद केली होती. दोघांना दात नव्हते. चूल एकच, पातेलं एकच, म्हणून सगळ्यांना तेच. त्याने ताट पुढे ठेवलं आणि पूर्वीसारखा बाजूला उभा राहिला, माझ्या तोंडाकडे बघत.

मासा ताजा होता. बाकी त्यात काहीच नव्हतं. मीठसुद्धा लागेल न लागेल इतकंच.

“कसा झाला, मास्तरानू?”

“एक नंबर,” मी म्हणालो आणि ताट पुढे केलं. “अजून वाढ.”

त्याने वाढलं. मी शेवटच्या घासापर्यंत संपवलं. माझ्या सुंदर अक्षरातला तो मेमो त्या दिवशी अक्षरशः अमलात आला, आणि पुन्हा मागणारा मी एकटाच होतो.